अमेरिकेतला फोन कोकणात चालेल का? बँड जुळवायला मदत हवी आहे

समुद्रकाठ :
मंडळी, भाऊ पुढच्या महिन्यात अमेरिकेहून येतोय. आईसाठी तिथल्या प्रीपेड दुकानातला अँड्रॉइड फोन आणायचं म्हणतोय. फोन राहणार गुहागर तालुक्यात. तिथे बीएसएनएलची रेंज बरी आहे, जिओची बेताची. खोक्यावरची बँडची (म्हणजे फोन वापरतो त्या रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्यांची) यादी अशी :

४जी : २, ४, ५, १२, १३, १७, २५, २६, ४१, ६६, ७१
५जी : एन२, एन५, एन२५, एन४१, एन६६, एन७१, एन७७

बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे असं वाचलं. १२, १३, १७ हे ७०० चे बँड, तर ४ आणि ६६ हे २१०० चे. मग चालायला हवा ना? दुकानदार म्हणतो, अनलॉक केला की जगात कुठेही चालेल.

सिग्नल_दांडी :
हिशोब मेगाहर्ट्झने केलात, तिथेच घोळ झाला. बँडचा नंबर जुळवायचा, कारण एका बँडमध्ये दोन पट्टे असतात : एक फोनने टॉवरकडे पाठवायचा, दुसरा टॉवरकडून ऐकायचा. दोन्ही जुळले पाहिजेत.

बीएसएनएलचा २१०० म्हणजे बँड १. त्यात फोन १९२०–१९८० वर पाठवतो आणि २११०–२१७० वर ऐकतो. बँड ४ चा फोन ऐकतो २११०–२१५५ वर, पण पाठवतो १७१०–१७५५ वर. टॉवरचं बोलणं कानावर पडणार, पण उत्तर भलत्याच ठिकाणी जाणार. यादीत '१७००/२१००' असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. लोक नेमका दुसराच, २१०० चा आकडा वाचतात.

७०० ची गत आणखी वाईट. आपल्याकडे बँड २८ आहे : पाठवणं ७०३–७४८, ऐकणं ७५८–८०३. बँड १२ चा फोन ऐकतो ७२९–७४६ वर, म्हणजे आपल्याकडे जिथे फोन टॉवरशी बोलतात, तिथे हा कान लावून बसणार. १३ आणि १७ पण वेगळेच. थोडक्यात, या फोनवर बीएसएनएलचं ७०० किंवा २१०० पकडणं विसरा.

आणि अनलॉकने फक्त कंपनीचं कुलूप निघतं, नवीन बँड येत नाहीत. बँडसाठी आत फिल्टर आणि अँप्लिफायर लागतात. प्रीपेड फोन तर त्याच कंपनीच्या सेवेवर ठरावीक मुदत वापरल्याशिवाय बहुधा अनलॉकही होत नाही. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, निघण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघायला सांगा.

रेंजवाले_काका :
वरच्या उत्तराशी सहमत. आता बाकीच्या कंपन्या.

जिओ ४जी : ३, ५, ४०. तुमच्या यादीत यातला फक्त ५ आहे, म्हणजे ८५०. हा बँड लांब पोचतो, भिंतीतूनही आत येतो, पण त्याचा पट्टा अरुंद. संध्याकाळी गर्दी झाली की व्हिडिओ कॉल अडखळणार.
एअरटेल : १, ३, ८, ४०. यादीत एकही नाही. २जी चे ९०० आणि १८०० असतील तर नुसते कॉल होतील. ३जी त्यांनी २०२० मध्येच बंद केलं.
व्ही (व्होडाफोन आयडिया) : १, ३, ८, ४१. फक्त ४१ जुळतो, पण तो सगळीकडे नाही, आणि गावात त्याच्या भरवशावर राहू नये.

सर्कलप्रमाणे, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागाप्रमाणे, थोडा फरक पडतो. मुंबई वेगळं सर्कल आहे. गुहागर 'महाराष्ट्र आणि गोवा' सर्कलमध्ये येतं. मुंबईत चालला म्हणून गावी चालेलच असं नाही.

५जी साठी आपल्याकडे मुख्यतः एन७८ लागतो, जिओला एन२८ सुद्धा. एन७७ चा पट्टा एन७८ ला पोटात घेतो हे खरं, पण टॉवर 'मी एन७८' असंच सांगतो. फोनच्या यादीत ते नाव नसेल तर तो सहसा जोडला जात नाही. शिवाय एअरटेलचं ५जी मुख्यतः ४जी च्या आधाराने चालतं. आधाराचा ४जी बँडच नसेल तर एन७८ असूनही उपयोग शून्य.

समुद्रकाठ :
म्हणजे जिओचा बँड ५ एवढाच आधार. आईला फक्त कॉल आणि व्हॉट्सॲप लागतं. तेवढ्यावर भागेल का?

सिग्नल_दांडी :
व्हॉट्सॲप चालेल, साधे कॉल कदाचित नाही. जिओकडे २जी-३जी नाहीच, सगळे कॉल व्होल्टीवर, म्हणजे ४जी वरूनच. व्होल्टी चालण्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओची सेटिंग असावी लागते. अमेरिकन कंपनीच्या फोनमध्ये ती बऱ्याचदा नसते. लक्षण ठरलेलं : नेट झकास चालू, आणि नंबर फिरवला की लगेच कट. बँड जुळूनही फोन परत करायची वेळ बहुतेकदा यामुळेच येते.

तपासनीस :
गावी कोणता बँड येतो हे आधीच बघून घ्या. जिओचं सिम असलेल्या कुठल्याही अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर ॲप टाका, लोकेशन चालू ठेवा आणि घरात आईच्या बसायच्या जागी उभं राहून बघा. ॲपने बँड नाही दाखवला तर ईएआरएफसीएन (४जी चॅनेलचा क्रमांक) हा आकडा वाचा, त्यावरून बँड कळतो :

१२०० ते १९४९ : बँड ३
२४०० ते २६४९ : बँड ५
३८६५० ते ३९६४९ : बँड ४०

आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ११० च्या खाली घसरत असेल तर कॉल तुटू शकतात. दहा-पंधरा मिनिटं बघत राहा. फोन मधूनच बँड बदलतो. घरात फक्त ३ किंवा ४० दिसत असेल तर विषयच संपला.

आणि कुणी 'सॉफ्टवेअरने बँड उघडून देतो' म्हणालं तर फोन हातात देऊ नका. त्या उद्योगात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) उडू शकतो.

समुद्रकाठ :
नको म्हणून कळवलं. आता इथेच घेतो. काय बघून घेऊ?

रेंजवाले_काका :
४जी चे १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ आणि ५जी चे एन२८, एन७८. बीएसएनएल वापरणार असाल तर २८ नक्की आहे ना, ते कंपनीच्या साइटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून बघा. नुसत्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली वेगवेगळे बँड असलेले प्रकार विकले जातात. दुकानात बीएसएनएलचं सिम घालून एक कॉल लावा, आणि कॉल चालू असताना वर ४जी किंवा व्होल्टी दिसतं का ते बघूनच पैसे द्या.