मदत हवी आहे: तिवरं (खारफुटी) राखणाऱ्या बायकांना मोबदला कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

ऐरोलीकडच्या आमच्या कोळीवाड्यातल्या महिला बचत गटाचा हिशेब मी पाहते. गटातल्या बायका ओहोटीला ठाणे खाडीत उतरून चिंबोऱ्या, कालवं, निवट्या आणतात. तिवरांत कुठे डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) पडलं की ते आधी त्यांनाच दिसतं. आता एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) वर्षभर पैसे मिळण्याची शक्यता आहे. गटाने तिवरांवर लक्ष ठेवायचं, प्लास्टिक काढायचं, भराव दिसला की कळवायचं.

मोबदला मिळायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्याचा अभिमान सगळ्या शहराला आहे, मग राखण या बायकांनीच आपला रोज (दिवसाची कमाई) बुडवून का करावी?

प्रश्न आहे तो पैसे कोणाला आणि कशाबद्दल द्यायचे हा. कोस्टारिकात १९९६ च्या कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला हेक्टरी रक्कम मिळते, इंधनावरच्या करातून. इथे तिवरांचा सातबारा आमच्यापैकी कुणाच्याच नावावर नाही. मग माणशी द्यावेत की गटाच्या खात्यात? ज्या विधवा बाईकडे होडीही नाही, तिचा वाटा किती?

कंपनी म्हणते, तिवरं शाबूत राहिली तरच पुढचा हप्ता. हे मला अजिबात पटत नाही. भराव टाकणारा डंपर बाहेरचा, आणि पैसे कापायचे बायकांचे! (रात्री डंपर अडवायला कुणीही जायचं नाही, हे मी गटाला बजावून ठेवलंय.)

वर्ष संपल्यावर काय, ही सगळ्यात मोठी काळजी. आज त्या आपली खाडी म्हणून ओरडतात. उद्या पगार थांबला की ओरडणंही थांबलं तर? आपल्या राज्यात जाळ्यात अडकलेला जीव वाचवायला जाळं कापून कासव किंवा देवमासा सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. तिथे झालेलं नुकसान भरून निघतं, म्हणून ती पद्धत मला बरी वाटते. बुडालेल्या रोजाची तशी भरपाई बसवता येईल का? वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायका खारफुटीची सफर चालवून कमावतात, तसं इथे जमेल का?

खारफुटीच्या सहव्यवस्थापन समितीत (गावकरी आणि वनविभाग मिळून चालवतात ती) कुणी काम केलंय का? वनविभागाचं लेखी पत्र आधी घ्यावं की करार आधी करावा? पुढच्या बैठकीत कंपनीला उत्तर द्यायचंय. कराराचा मराठी मसुदा कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका.