मदत हवी आहे: लिनक्स टाकल्यापासून वायफाय गायब

मंडळी, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर परवा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. तेव्हापासून वायफाय बंद. घरातल्या बाकी फोनवर नेट व्यवस्थित चालतंय, म्हणजे राउटरचा दोष नाही. मोबाइल यूएसबीने जोडला की लॅपटॉपवरही नेट येतं.

वायफाय कुठे अडवलंय का हे दाखवणारी 'आरएफकिल लिस्ट' कमांड दिली तर वायरलेस लॅनसमोर (म्हणजे वायफायसमोर) सॉफ्ट ब्लॉक (सॉफ्टवेअरमधून बंद) 'नो', पण हार्ड ब्लॉक (हार्डवेअरकडून बंद) 'येस' दिसतं. हार्ड ब्लॉक कमांडने निघत नाही, बटण लागतं, एवढं कळलंय. पण या लॅपटॉपला वायफायचं वेगळं बटणच नाही! फंक्शन की दाबून पाहिली, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस चालू आहे.

आता काय तपासू? की सरळ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वायफायचं यूएसबी डोंगल आणू? बाबा रोज विचारतायत, 'चांगलं चाललं होतं, हात कशाला लावलास?'