उजनीचं हिरवं पाणी: विष मोजून आकडा जाहीर करावा, की तो पैसा सांडपाण्यावर घालावा?

भीमाकाठ
फेब्रुवारी सरला की उजनीचं बॅकवॉटर हिरवं पडायला लागतं. एप्रिल-मेमध्ये, वारा पडलेल्या सकाळी, काठाला कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यासारखा थर साचतो. दरवर्षी पेपरात फोटो येतो, दरवर्षी पुणे-पिंपरीच्या मैलापाण्याला शिव्या घालून होतात आणि पाऊस आला की विषय संपतो.

मला दुसरंच विचारायचंय. गोड्या पाण्यात असा थर धरणाऱ्यांत मायक्रोसिस्टिस आघाडीवर असतं. आपण शेवाळ म्हणतो, पण ते सायनोबॅक्टेरिया. त्याच्या काही वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार होतं आणि ते थेट यकृतावर जातं. आयुष्यभर रोज पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ मध्येच सांगितलंय. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पाण्यात शेवाळ आणि विषकारी जीव नसावेत एवढं आहे, मायक्रोसिस्टिनचा आकडा नाही. आकडाच नाही म्हटल्यावर मोजणार कोण?

मागणी साधी आहे. मार्च ते जून, आठवड्यातून एकदा, जॅकवेलपाशी, म्हणजे धरणातलं पाणी उपसतात त्या विहिरीपाशी, एक नमुना आणि शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचा एक. दोन्ही आकडे फलकावर आणि पेपरात. विरोधी मतं मुद्दाम हवीत.

तुरटीवाला
घ्या विरोधी मत. जलशुद्धीकरणात हयात गेली माझी. रोगाचं कारण माहीत असताना रोज ताप मोजत बसायची हौस कशाला? कारण आहे नत्र आणि स्फुरद. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून ते येणं थांबत नाही तोवर विष मोजा नाहीतर पूजा घाला, पाणी हिरवंच राहणार. चाचणीचं किट मागवायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, मुदतीत संपवायचं, वर ते चालवणारा माणूस शोधायचा. मी ज्या केंद्रावर होतो तिथं साधं क्लोरिन तपासायचं औषध वेळेवर मिळायची मारामार. तो पैसा मैलाशुद्धीकरणात घाला.

भीमाकाठ
तुरटीवाले साहेब, उद्या सकाळी मैलापाण्याचा थेंब न् थेंब शुद्ध झाला तरी धरणाच्या तळाच्या गाळात साठलेलं स्फुरद पुढची कित्येक वर्षं वर येत राहणार. त्यात उजनीच्या ११७ टीएमसीपैकी ६३ च्या आसपास मृतसाठाच. उन्हाळ्यात आपण तोच उपसतो. उथळ, तापलेलं, घट्ट झालेलं पाणी.

आणि केंद्रावर काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पाणी हिरवं आलं, फिल्टर तुंबायला लागले, बॅकवॉश करून करून, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुऊन धुऊन, पाणी पुरेना. मग ऑपरेटर काय करतो? कच्च्या पाण्यातच क्लोरिनचा डोस वाढवतो. शेवाळ मरतं, फिल्टर सुटतात, सगळे खूश. पण विष असतं पेशीच्या आत. पेशी अख्खी असली तर तुरटीच्या गाठीत अडकून क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीच्या, तळाला जाते. ती आधीच फोडली की विष पाण्यात विरघळतं आणि वाळूतून आरपार निघतं. गाळून झाल्यावर दिलेलं क्लोरिन ते मोडू शकतं, पण त्याला पुरेसा वेळ आणि ८ च्या खाली पीएच लागतो. शेवाळ माजलं की पीएच त्याच्या वर चढतो. म्हणजे डोस कुठं द्यायचा हे ठरवायलाच या आठवड्याचा आकडा हवा. मैलाशुद्धीकरण २०४० मध्ये पूर्ण झालं तरी त्या ऑपरेटरला आजच्या सकाळचं उत्तर मिळत नाही.

तुरटीवाला
प्री-क्लोरिनचं बोललात ते शंभर टक्के खरं. पण त्याला विषाची चाचणी कशाला? नियम करा: पाणी हिरवं तर आधी क्लोरिन नको, तुरटी वाढवा, जमलं तर ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. एक मायक्रोस्कोप आणि बीएस्सी झालेली एक मुलगी, आठवड्याला पेशी मोजून देईल. तुमच्या किटच्या खर्चात चार केंद्रं चालतील.

चिलापी फ्राय
आमच्या पोटावर पाय आणायचं काम चाललंय इथं. भिगवणला मासळीचा लिलाव आहे, त्यावर शेकडो घरं चालतात. फलकावर ‘विष २’ लिहिलं की पुण्याचा गिऱ्हाईक चिलापीला हात लावायचा नाही. त्याला काय कळणार २ म्हणजे कशाच्या २ ते. कारखान्यांना, महापालिकांना कोण विचारत नाही, आणि आकडा छापणार तो आमच्या नावावर. उजनीची मासळी म्हणूनच विकतो ना आम्ही.

भीमाकाठ
मासळीचा आकडा वेगळा असतो, पाण्याचा वेगळा. हे विष साठतं मुख्यत: माशाच्या यकृतात आणि आतड्यात, मांसात त्या मानानं कमी. पोट काढून नीट धुतलेल्या माशाची गोष्ट निराळी. पण तेही मासा तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमची बाजू धरायलाच आकडा लागेल.

शंकासुर
किती बाऊ करायचा त्याला सीमा आहे. सोलापूर, पंढरपूर वर्षानुवर्षं हे पाणी पितंय. या विषानं अमुक माणूस गेला अशी एक तरी नोंद दाखवा. नाही ना? मग साहेबांच्या देशातले आकडे आणून इथं घाबरवू नका. आमच्याकडं पाणी उकळून प्या म्हटलं की झालं.

भीमाकाठ
नेमकं उकळणंच इथं उपयोगाचं नाही. मायक्रोसिस्टिन उकळून मोडत नाही, पाणी आटलं तर उलट प्रमाण वाढतं. बाकी नोंदीचं म्हणाल तर, कावीळ झालेल्या माणसाचं कुठला डॉक्टर मायक्रोसिस्टिन तपासतो?

ब्राझीलमध्ये १९९६ साली कारुआरू गावच्या डायलिसिस केंद्रात टँकरनं आणलेलं, नीट शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं. ५० हून जास्त रुग्ण दगावले. पाणी त्यांच्या पोटातून नव्हे, थेट रक्ताजवळून गेलं म्हणून ते उघडकीला आलं. नाहीतर तिथंही नोंद नुसती यकृताच्या आजाराचीच झाली असती. ब्राझीलनं २००० साली ही तपासणी कायद्यात आणली.

इरीकाठचा सोलापूरकर
अमेरिकेत ओहायोत राहतो, म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराला दोन-अडीच दिवस ‘नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका’ असा आदेश होता. चार-पाच लाख माणसं. इरी सरोवरातला थर वाऱ्यानं पाणी उचलण्याच्या जागेवर आला होता. दुकानांतल्या बाटल्या बघता बघता संपल्या, लोक शेजारच्या राज्यात पाणी आणायला गेले. त्यानंतर ओहायोत हंगामात दर आठवड्याची तपासणी सक्तीची झाली आणि आता थर कुठं सरकतोय याचा अंदाजही जाहीर होतो. इथले मासेमारीवाले आधी बोंबललेच होते. आता तोच अंदाज बघून बोट कुठं न्यायची ते ठरवतात.

तुरटीवाला
टोलेडोला बाटल्या संपल्या तर शेजारचं राज्य होतं. सोलापूरला नळाला पाणी येतं काही दिवसांआड. लोक बॅरलमध्ये भरून ठेवतात. मंगळवारी आकडा १ च्या वर गेला असं जाहीर केलंत, तर बुधवारी त्यांनी काय प्यायचं? दुसरं पाणी देता येत नसेल तर घबराट तरी देऊ नका. माझा विरोध इथं आहे, विज्ञानाला नाही.

खाडीकर, मालवण
आमच्याकडचं थोडं सांगतो. तिसऱ्या, कालवं, जिनाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे समुद्रातल्या शेवाळाचं विष त्यांच्या अंगात साठतं. १९९७ साली केरळात विळिंजमला शिंपले खाऊन ७ माणसं गेली, ५०० च्या वर आजारी पडली. शिजवून ते विष जात नाही. युरोपात मर्यादा ओलांडली की त्या खाडीतली काढणीच बंद करतात. आमच्या बाजारात वाटा घेताना कोण विचारतंय?

हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राची उपग्रहावरून शेवाळ दाखवणारी सेवा आहे, चांगली आहे. पण उपग्रहाला दिसतो पाण्याचा रंग, विष नाही दिसत. आणि रात्री लाटा निळ्या चमकतात म्हणून पर्यटक नाचतात ती नॉक्टिलुका, एक सूक्ष्म समुद्री जीव. ती माणसाला विष घालत नाही, पण माजली की अमोनिया आणि ऑक्सिजनच्या टंचाईनं मासे मरतात. म्हणजे दिसायला भयंकर ते विषारी असेलच असं नाही आणि उलटंही. भीमाकाठ यांना माझं +१.

भीमाकाठ
खाडीकरांनी तुरटीवाल्यांना परस्पर उत्तर दिलं. मायक्रोस्कोपखाली मायक्रोसिस्टिस ओळखू येतं, पण त्यातला विष करणारा वाण आणि न करणारा वाण दिसायला सारखेच. तरी तुमची मुलगी आणि तुमचा मायक्रोस्कोप मला हवाय. दर आठवड्याला पेशी मोजा, त्या वाढल्या तरच किट उघडा. खर्च बराच खाली येतो.

बुधवारी काय प्यायचं याचंही उत्तर आहे. ती १ ची मर्यादा आयुष्यभराची आहे. थोड्या दिवसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनंच नंतर १२ चा आकडा दिलाय. अमेरिकेचा दहा दिवसांचा सल्ला जास्त कडक आहे, पण त्यातही तान्ह्या आणि शाळेआधीच्या मुलांना ०.३, बाकीच्यांना १.६. म्हणजे सगळं शहर एकदम तहानलेलं ठेवायची गरज नाही. आधी बाळांसाठी वेगळं पाणी, डायलिसिस केंद्रांना त्याच दिवशी निरोप, गुरांना थर साचलेल्या काठावर न सोडणं. ऑस्ट्रेलियात अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी असं पाणी पिऊन जनावरं मेल्याचं १८७८ सालीच छापून आलंय. आणि नदीकाठच्या ज्या ग्रामपंचायती टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकून थेट पाणी सोडतात त्यांच्याकडे तर फिल्टरही नाही. त्यांना आज कोण सांगतं?

तुरटीवाला
डायलिसिस केंद्राला फोन, कबूल. ग्रामपंचायतींना निरोप, तोही कबूल. पेशी मोजायची तर मीच म्हणालो होतो. फलकाला मात्र माझा विरोध कायम.

भीमाकाठ
आणि फलकावर माझा हट्ट कायम. फोन कुणाला गेला आणि कुणाला नाही, हे फलक नसेल तर कधीच कळत नाही.

चिलापी फ्राय
फलक लावणारच असाल तर माशाचाही आकडा लावा. मांसाचा वेगळा, पोटातल्या घाणीचा वेगळा. नमुना लिलावातनं आमच्यासमोर उचला, मधल्या माणसाकडनं नको.