टोपीवर बदललेलं चकमकीचं पिस्तूल: किंमत निम्मी धरायची का?

गोदाकाठ: सराफ बाजाराजवळच्या एका वाड्यातलं सामान विकायला निघालंय. त्यात ठासणीचं पिस्तूल आहे, घोड्याच्या पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीचा उभा सिंह. मूळ चकमकीचं (गारगोटीच्या ठिणगीने उडणारं), नंतर टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या स्फोटक टोपीवर) केलेलं. मालक ८० हजार म्हणतो. मूळ रूप गेलं की निम्मी किंमत, असं माझं मत.

रंजकदाणी: निम्मी कशाला? बदल कधीचा ते आधी बघा. फोर्साइथने ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं १८०७ मध्ये आणि १८४० च्या आसपास ब्रिटिश फौज टोपीवर आली. जुनी हत्यारं मोडीत न काढता बदलून वापरली. पावसात रंजक, म्हणजे बार पेटवायची दारू, भिजायची कटकट गेली ना! कान (रंजकेची वाटी) काढल्यावर पट्टीवर स्क्रूची भोकं उरतात. ती बुजवलेली असतील आणि तिथला गंज बाजूच्या गंजाशी एकजीव असेल, तर काम बहुधा त्याच काळातलं.

पंचवटीकर: असेना का! अस्सल चकमकीचं शेजारी ठेवा, याला तेवढे पैसे कोण देईल? त्यापेक्षा नवे भाग बसवून परत चकमकीचं करा.

रंजकदाणी: मग तर वाटोळंच. आत्ता निदान जुना बदल तरी खरा आहे. नवे भाग लावून ‘मूळ’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक.

गोदाकाठ: नळी मात्र चकाचक आहे. मालकाने बफ मारून घेतलाय, शिक्के पुसट झालेत.

रंजकदाणी: हे आधी सांगायचं! मग निम्मीसुद्धा जास्त. जवळच अंजनेरीला नाण्यांची संशोधन संस्था आहे, त्या नाशिकात घासलेल्या नाण्याची किंमत काय होते हे सांगायला हवं का?

मेनरोडवाला: मालक ‘क्रांतिकारकांचं’ म्हणून भाव चढवत नाही ना? नाशिकात हे हमखास ऐकू येतं. अनंत कान्हेरेंनी १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं, ठासणीचं नव्हे.

गोदाकाठ: म्हणाला खरा! आजोबांनी कुणाकडून तरी घेतलं म्हणे. कागद एकही नाही.

सातपूरकर: भावाचं नंतर. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला कलम ४५ ची सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. चाप चालतोय का?

गोदाकाठ: चालतो. घोडाही अर्ध्या आणि पूर्ण, दोन्ही खाचांवर अडतो.

पंचवटीकर: मग परवान्याचं ठरेपर्यंत बयाणाही देऊ नका. एरवी मी ३० च्या वर गेलो नसतो.

रंजकदाणी: बफ नसता तर मी ६० दिले असते.