मदत हवी आहे: ऑक्सिजनेटरच्या कोपऱ्यात गुठळ्या

ऑक्सिजनेटर म्हणजे पीएमपी (पॉलिमिथाइलपेंटीन, वायू आरपार जाऊ देणारं प्लास्टिक) पोकळ तंतूंचं (बाहेरचा व्यास ३८० मायक्रॉन) कृत्रिम फुफ्फुस, गाईचं हेपरिनयुक्त (गोठू नये म्हणून) रक्त, ३७ अंश, ४ लिटर/मिनिट. दाबातली घट ८ वरून २० एमएमएचजीवर जाते. पुढे हे पंपाविना, उजव्या जवनिकेच्या जोरावर चालवायचंय, त्यामुळे एवढा रोध परवडणार नाही.

प्राइमिंगआधी (उपकरण द्रवाने भरण्याआधी) कार्बन डायऑक्साइडने फ्लश केलंय, बुडबुडे नाहीत. वायूच्या आउटलेटला प्लाझ्मा नाही, म्हणजे गळती नव्हे. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० सेकंदांच्या वर. हेपरिन कोटिंगने गुठळी उशिरा धरली, पण जागा तीच: रक्ताच्या आउटलेटलगतचा खालचा कोपरा. रक्ताऐवजी ग्लिसरीन-पाणी फिरवून त्यात रंग सोडला, तोही तिथेच रेंगाळतो.

तंतू विरळ केले तर रोध उतरेल, पण वायुविनिमयाला क्षेत्रफळ कमी पडेल. बाहेरच्या कवचाचं आकारमान वाढवता येत नाही. मग भरणघनता (तंतू किती दाट भरलेत ते) तशीच ठेवून फक्त आउटलेट मॅनिफोल्ड (रक्त गोळा करून बाहेर नेणारा भाग) निमुळता केल्याने कोणाचा हा कोपरा धुतला गेलाय का, आणि उतार किती अंश ठेवला होता?