आयएफकॉन्फिगचं तेरावं घालणाऱ्यांसाठी

रात्रपाळी:
आयएफकॉन्फिग म्हणजे मशीनच्या नेटवर्क कार्डाचे पत्ते बघायची-बदलायची जुनी कमांड, 'आयपी' ही तिच्या जागी लिनक्सवर आलेली नवी. काल इथेच एकाने लिहिलं, "आयएफकॉन्फिग मेलंय. अजून वापरणाऱ्यांनी निवृत्ती घ्यावी. या दहा 'आयपी' कमांड पाठ करा, विषय संपला." खाली टाळ्यांचा कडकडाट. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

मेलं कुठे? लिनक्सवर नेट-टूल्स (आयएफकॉन्फिग ज्यात येतं तो संच) मागे पडलं, मान्य. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या सिस्टमवर आजही व्हीलॅन (एकाच वायरवरची वेगळी नेटवर्कं), ब्रिज (मशीनमधला आभासी स्विच), वायफाय सगळं आयएफकॉन्फिगच करतं. तिच्या पूर्वजापासूनचं, १९८३ च्या ४.२ बीएसडीपासूनचं ते. लिनक्स म्हणजे अख्खं जग नव्हे.

आणि त्या दहांपैकीच दोन माझ्या ज्युनियरने रात्री साडेअकराला घरून चालवल्या. भोसरीतल्या क्लायंटचा सर्व्हर, व्हर्च्युअल मशिनींसाठी ब्रिज हवा होता. "आयपी लिंक ॲड बीआर० टाइप ब्रिज", मग "आयपी लिंक सेट ईएनपी३एस० मास्टर बीआर०". म्हणजे बीआर० नावाचा ब्रिज बनवा आणि ईएनपी३एस० हे कार्ड त्याला जोडा. एंटर मारलं आणि टर्मिनल गार. कार्ड एकदा ब्रिजचं पोर्ट झालं की येणारी फ्रेम (डेटाचं पाकीट) सरळ ब्रिजकडे जाते. आयपी पत्ता मात्र कार्डावरच राहिलेला. मी सिंहगड रोडवरून भर पावसात भोसरी गाठली, पत्ता बीआर० वर नेला, गेटवे (बाहेर जायचा रस्ता) परत लावला. दोन मिनिटांचं काम. वॉचमन विचारतो, "साहेब, एवढ्या रात्री काय जळालं?"

खडखड_कीबोर्ड:
यात 'आयपी'चा काय दोष? ब्रिज बनवायच्या जुन्या ब्रिज-युटिल्सच्या 'ॲडइफ'नेही हेच झालं असतं. लांबच्या मशीनवर हात घालण्याआधी "शटडाऊन -आर +५" लावून ठेवायचं. कमांडने केलेलं काही सेव्ह होत नाही, अडकलात तर पाच मिनिटांत मशीन उठून पूर्वीसारखं. जमलं तर "शटडाऊन -सी"ने रद्द. हे ज्युनियरला कोणी शिकवायचं होतं? वॉचमनने?

आता माझं ऐका. एका ऑफिसात बिलिंगचं मशीन मधूनच गायब व्हायचं. पिंग करून हाक मारली तर दहातली सहा उत्तरं येणार, चार हरवणार. शंका एकच, तोच पत्ता आणखी कोणाकडे तरी आहे. तिथले सीनियर प्रत्येक सर्व्हरवर आयएफकॉन्फिग मारून सांगत होते, "नाही हो, कुठेच नाही." दुपारचं जेवण गेलं, चहा गेला. शेवटी मी "आयपी ए" मारलं, तर बॅकअपच्या सर्व्हरवर तो दुसरा पत्ता म्हणून आरामात बसलेला. कोणीतरी "आयपी ॲडर ॲड"ने लेबल न देता टाकला होता. आयएफकॉन्फिगला असे पत्ते दिसतच नाहीत. ईथ०:१ असं लेबल असेल तरच दाखवणार. जे हत्यार अर्धंच खरं सांगतं त्याला मेलेलंच म्हणतात. डेबियन लिनक्सने २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासून ते आपोआप इन्स्टॉल करणं बंद केलं, उगाच नाही.

ईथशून्य:
तुमचं चालू द्या, मला फक्त त्या 'ईएनपी३एस०'बद्दल बोलायचंय. २०१३ पासून सिस्टमडीने (लिनक्स सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) कार्डांना ही नावं आणली. म्हणे 'प्रेडिक्टेबल', न बदलणारी! कसलं डोंबलाचं? ३ हा पीसीआय बसचा, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड जोडायच्या मार्गाचा नंबर. गेल्या दिवाळीत नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, बस सरकली, ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं आणि नेटवर्क बंद. कार्ड तेच, वायर तीच, माणूसही तोच. जुनं साधं ईथ० नाव होतं तेव्हा सुखाने झोप लागायची.

फायरवॉलवाली:
एकच कार्ड असलेल्यांना लागत असेल. माझ्याकडे दोन होती. एका रीबूटला ईथ० आणि ईथ१ ची अदलाबदल झाली, आणि फायरवॉलचे आतल्या बाजूचे नियम बाहेरच्या बाजूला लागले. त्या नावांमुळे गेलेली झोप अजून परत आलेली नाही.

ईथशून्य:
ताई, कार्डाच्या स्वतःच्या मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करता यायचं की तेव्हाही.

फायरवॉलवाली:
आजही येतं, सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये तीन-चार ओळी. मग रडताय कशाला? आणि मला ताई म्हणू नका.

टॅप_टॅप:
नावांचा विषय निघालाच आहे तर माझंही दुःख. यूएसबी ॲडॅप्टरचं नाव 'ईएनएक्स' आणि पुढे मॅकचे १२ आकडे-अक्षरं, म्हणजे बरोबर १५. लिनक्समध्ये नावाला १५ च अक्षरं चालतात. आता त्यावर व्हीलॅन १०० बनवा. सवयीने नावापुढे .१०० लावलं की 'आयपी' म्हणतं, हे नावच चालत नाही. माझा एक तास गेला, मी व्हीलॅनच्या आयडीलाच, त्या १०० लाच दोष देत बसलो.

खडखड_कीबोर्ड:
व्हीलॅनच्या नावात बापाचं नाव लावायची सक्ती नाही. "नेम" च्या पुढे 'कॅमेरे' लिहा, 'गोडाऊन' लिहा. आयडी वेगळा देताच की.

रात्रपाळी:
माझा धागा होता हा. असो. लपलेल्या पत्त्याचं मान्य, झालं समाधान? मला ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण जाऊ दे. शटडाऊनचंही ठीक. तरी क्लायंटला "पाच मिनिटांत मशीन रीबूट होऊ शकतं" हे तुम्ही फोन करून सांगा, मग बोलू. उबुंटू लिनक्सवर नेटवर्कची सेटिंग बदलताना "नेटप्लॅन ट्राय" बरं पडतं, १२० सेकंदांत होकार दिला नाही तर रीबूट न करता मागे फिरतं.

खडखड_कीबोर्ड:
त्या ट्रायवर ब्रिजच्या बाबतीत फार विसंबू नका. बाँड (अनेक कार्डांचं मिळून एक) आणि ब्रिजच्या काही सेटिंग्ज असल्या तर ते नीट मागे फिरत नाही. पण तुम्ही नवीन काहीतरी वापरता हे वाचून भरून आलं.

तिसरं_वर्ष:
सर, सगळं वाचलं. ओरलला एक्स्टर्नलनी मशीनचा नेटवर्क इंटरफेस (कार्ड) दाखवायला सांगितला. मी "आयपी ए" मारलं, तर म्हणाले हे काय, आयएफकॉन्फिग येत नाही का? लॅबच्या मशीनवर ते नव्हतंच, "कमांड नॉट फाउंड" आलं. मार्क गेले. आता जर्नल पूर्ण करायचंय. काय लिहू?

खडखड_कीबोर्ड:
आयएफकॉन्फिगच लिही. सही झाली की विसरून जा.

रात्रपाळी:
विसरू नको. फ्रीबीएसडी आहे अजून.