व्हीलचेअर वापरणाऱ्या अकाउंटंट आणि कर्णबधिर ऑपरेटर रुजू होणार आहेत, आधी काय करून ठेवायचं?

चाकण_एचआर
सुट्या भागांचं युनिट, ८५ माणसं. पुढच्या महिन्यात अकाउंट्सला व्हीलचेअर वापरणाऱ्या एक बाई आणि सीएनसीवर (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशिन) एक कर्णबधिर मुलगा रुजू होतोय. ऑफिसला तीन पायऱ्या, जोतं ४५ सेंमी. मालक म्हणतात, "दोन पोरं खुर्ची उचलतील, आणि त्या मुलाला पॅकिंगला बसवू, सोपं पडेल." कायद्याने काय लागतं आणि प्रत्यक्षात कुठे चुकतं?

कलम२१
मालकांची दोन्ही वाक्यं भेदभावात बसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या व्याख्येत वाजवी सोय (गरजेप्रमाणे करून द्यायचा योग्य तो बदल) नाकारणं हाही भेदभावच आहे. ऑपरेटर म्हणून निवडलेल्याला विचारल्याशिवाय पॅकिंगला पाठवणं ही सोय नव्हे.

कागदपत्रं: कलम २१ खाली समान संधी धोरण हवं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बदली, विशेष रजा, साहाय्यक साधनं आणि संपर्क अधिकारी हे सगळं येतं. प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवायची. ते कार्यालय पुण्यातच आहे. बरेच जण धोरण लिहून फाइलला लावतात आणि नोंदणी विसरतात. पहिल्या उल्लंघनाला दंड १०,००० पर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५०,००० ते ५ लाख.

पगारपत्रकही तपासा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) मासिक पगाराची मर्यादा दिव्यांगांना २१,००० ऐवजी २५,००० आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये ती सहसा कोणी बदललेली नसते.

उतार_१२
४५ सेंमी चढायला १:१२ ने (एक सेंमी चढायला बारा सेंमी लांबी) ५.४ मीटर उतार लागतो. समोर एवढी जागा नसेल तर मध्ये १.५ मीटरचा सपाट टप्पा घेऊन वळवा. रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा. गवंड्याला नुसतं "रॅम्प कर" म्हणालात तर तो स्कूटर चढवायचा दीड मीटरचा उतार करून वर गुळगुळीत टाइल लावेल. पावसात त्यावर चालणाराही घसरतो. खरबरीत कोबा करा.

खुर्ची उचलणं विसराच. चाकाला किंवा हाताच्या दांड्याला धरलं की तो भाग निसटतो, आणि बाईंना चहा प्यायलाही दोन माणसं शोधावी लागतील.

चाकण_एचआर
रॅम्पचं मालकांना पटतंय. टॉयलेटचं दार अडीच फुटी आहे, चालेल?

उतार_१२
नाही. चौकट आणि उघडं दार जाऊन ७० सेंमीच्या आसपास उरतं. ९० सेंमी मोकळे हवेत, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत १.५ मीटर व्यासाची वळायला जागा, कमोडशेजारी भिंतीत पक्के बसवलेले दांडे. पोकळ पार्टिशनला लावू नका, वजन पडलं की उखडतात. आणि ते टॉयलेट कधीही स्टोअररूम होऊ देऊ नका. बादल्या आणि झाडू तिथेच जाऊन बसतात.

स्पिंडल_लोड
कर्णबधिर ऑपरेटरबद्दल. कापणारं टूल झिजलं किंवा मोडलं हे बाकीचे आवाजावरून ओळखतात. त्याला स्पिंडल लोड मीटरची (मशिनच्या फिरत्या भागावरचा ताण दाखवणारा) हद्द ठरवून द्या आणि टूल लाइफ काउंटर (टूल किती वापरलं ते मोजणारा) चालू ठेवा. मशिनचा टॉवर लॅम्प (मशिनची स्थिती दाखवणारे रंगीत दिवे) त्याच्या नजरेच्या रेषेत हवा.

आगीच्या भोंग्याला फ्लॅशर (लुकलुकणारा दिवा) जोडा, टॉयलेट आणि कँटीनमध्येही, कारण तिथे तो एकटा असतो. फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न त्याला ऐकू येणार नाही; वळणावर बहिर्गोल आरसा, जमिनीवर चालण्याची पट्टी आणि फोर्कलिफ्टवर दिवा लावा.

"लिहून दाखवू" यावर पूर्ण भिस्त नको. अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते, लांबलचक मराठी सूचना त्यांना अवघड जाते. सुरक्षा प्रशिक्षणाला सांकेतिक भाषेचा दुभाषी आणा, रोजच्या सूचना छोट्या वाक्यांत आणि चित्रांत द्या. मशिन चालू असताना मागून खांद्याला हात लावायचा नाही, समोर येऊन हात हलवायचा, हे पूर्ण पाळीला सांगा. आणीबाणीसाठी प्रत्येक पाळीत दोन सोबती नेमा. एकच असला की त्याच्या सुट्टीच्या दिवशी कोणीच नसतं.

कलम२१
आणि हे सगळं ठरवण्याआधी दोघांना फोन किंवा मेसेज करून विचारा, "कामासाठी काय सोय लागेल?" अपंगत्व कसं आलं हे विचारायचं नाही. रॅम्पवर खर्च करण्याआधी बाईंच्या खुर्चीची रुंदी मागून घ्या.